शटरची स्प्रिंग तुटली आणि चार दिवस वाकून धंदा केला

१५ जूनला शाळा उघडणार, दुकान वह्या-पुस्तकांचं, आणि १२ तारखेला सकाळी शटर उचलताना वरच्या पेटीत ‘ढण्ण’ झालं. कुलूप काढलेलं शटर गुडघ्यापर्यंत येऊन अडलं. शेजारच्या टेलरदादांना हाक मारली, दोघांनी छातीपर्यंत रेटलं आणि खाली लाकडी बल्ली उभी केली. (तुम्ही हे करू नका. ती सटकली असती तर, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.)

शटरवाल्याला फोन लावला. “निघालोच शेठ.”

दुपारी “चौकात आहे.” संध्याकाळी फोन पोराने उचलला, “पप्पा जेवतायत.” दुसऱ्या दिवशी स्वारी उगवली ती नुसती टेप घेऊन! स्प्रिंग कुठाय? “माप नको का घ्यायला?” आता हे खरंच आहे म्हणा. आतली स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी. तिची रुंदी, जाडी आणि मधल्या पाइपची जाडी जुळावी लागते. पण हे फोनवर सांगितलं असतं तर मीच मोजून फोटो पाठवला असता. तुम्ही पाठवा. रविवारी बाजार बंद. सोमवारी आणलेली पट्टी रुंद निघाली, डब्यात बसेना. परत “निघालोच.”

तोवर गिऱ्हाईक वाकून आत, वाकून बाहेर. एक आजी म्हणाल्या, “अरे, दोन वह्यांसाठी दंडवत घालायला लावतोस होय?” रात्री बंद करताना पुन्हा टेलरदादा. त्यांच्या चहाचा खर्च वेगळाच.

मंगळवारी काम दीड तासात आटपलं. तुटली एकच होती, पण दोन्ही बदलल्या. दुसरीनेही तेवढीच वर्षं ओझं वाहिलेलं. पाइपला पाना लावून तो एकेक फेरा मोजत ताण देत होता तेव्हा मी मदतीला पुढे झालो, तर खेकसला, “लांब व्हा शेठ, पाना सुटला तर दात जातील.” तिथे मात्र त्याचं ऐकलं. मग शटर कमरेपाशी आणून सोडून दिलं, तिथंच थांबलं. ताण बरोबर आहे की नाही, हे असं बघायचं. जास्त झाला तर रात्री शटरला लोंबकळावं लागतं.

हो, आणि शटर ज्यांतून वर-खाली सरकतं त्या बाजूच्या पट्ट्यांत मी हौसेने ग्रीस भरायचो, त्यात धूळ बसून काळा लगदा झाला होता. आता फडक्याने पुसून थोडंसं तेल.

बुधवारी शटर सताड वर होतं. आजी तरी वाकूनच आत आल्या.