पांढऱ्या गोळ्या, झिंक आणि आतड्याच्या पेशी

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलं, "गोळ्यांच्या पांढऱ्या कोटिंगमध्ये विष", आणि नाशिकरोडच्या मावशीने लगेच मला टॅग केलं, कारण घरात सेल कल्चर (लॅबमध्ये पेशी वाढवणं) केलेली मी एकटीच. ग्रुपवर एवढं कोण टाइप करणार, म्हणून इथे.

तो पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पाकिटावर आयएनएस १७१ असा त्याचा नंबर बारीक लिहिलेला असतो. च्युइंगगममध्ये, गोळ्यांच्या कोटिंगमध्ये. त्यातले बरेच कण १०० नॅनोमीटरपेक्षाही छोटे (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), म्हणजे नॅनो. पण नॅनो म्हटलं की सगळे ऑक्साइड एकाच माळेचे मणी असं लोक धरून चालतात ना, तिथेच घोळ होतो.

कुठला कण आतड्याला काय करतो हे बघायला लॅबमध्ये कॅको-२ नावाच्या पेशी वापरतात. मूळ एका ७२ वर्षांच्या माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या, पण फिल्टरवर तीनेक आठवडे मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलत सांभाळल्या की चक्क लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागायला लागतात, वर बारीक झालर फुटते, शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरतात. तुलनेला दुसरा ऑक्साइड घेऊ, झिंकचा. यांच्यावर झिंक ऑक्साइडचा डोस वाढवत नेला की दुसऱ्या दिवशी एमटीटी या रंगाच्या टेस्टच्या प्लेटमध्ये पेशी मरताना सरळ दिसतात. जिवंत पेशी पिवळा डाय जांभळा करतात, मेलेल्या नाही करत, मग रांगेत पुढे पुढे जांभळा फिका होत शेवटी नुसता पिवळाच उरतो. कारण झिंक ऑक्साइड विरघळतं, ॲसिडमध्ये तर भराभर, आणि पेशीत झिंकचे आयन (विरघळून सुटलेले भारित कण) जास्त झाले की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढून मायटोकॉन्ड्रियाच, म्हणजे पेशीची ऊर्जाघरंच, कोलमडतात.

टायटॅनियमवाला विरघळतच नाही जवळजवळ, पेशीही सहसा पटकन मरत नाहीत. भांडण आहे ते डीएनएवरून. २०२१ मध्ये युरोपच्या फूड सेफ्टी अथॉरिटीने सांगितलं की डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि २०२२ मध्ये तिकडे खाण्याच्या पदार्थांत बंदी आली, औषधांत मात्र अजून चालतं. (मावशी, बीपीची गोळी बंद करायची नाही हं!) २०२३ मध्ये डब्ल्यूएचओ-एफएओच्या तज्ज्ञ समितीने उलट म्हटलं की रोजच्या प्रमाणाला आकडा घालायची गरज नाही. आपल्याकडे ठराविक पदार्थांत परवानगी आहे.

आणि प्लेट म्हणजे पोट नव्हे. तिथे नुसत्या कॅको-२ असतील तर धड म्युकस (आतड्यावरचा बुळबुळीत थर) नाही, वरण-भात नाही, कण थेट पेशींच्या डोक्यावर. शिवाय काही कण स्वतःच रीडिंग बिघडवतात, त्यामुळे पेशी न घालता नुसत्या कणांचा कंट्रोल लावला नसेल तर तो ग्राफ मी तरी बघत नाही.

माझं मत विचाराल तर, खाऊत हा रंग फक्त दिसण्यापुरता, ना चव ना टिकाऊपणा, मग लेकीला तसल्या खाऊच्या गोळ्या कशाला द्या. कॉलेज रोडच्या दुकानात पाकीट उलटं करून वाचत बसते, दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

पिंपळगावच्या मामांचं वेगळंच, "आम्ही बागेवर झिंक मारतो त्याचं काय गं?" मामा, तुमचं झिंक सल्फेट पाण्यात पूर्ण विरघळतं, कण उरतच नाहीत, त्यामुळे नॅनोचा हा प्रश्न तिथे येत नाही. फवारताना मास्क मात्र लावत जा.