बुडबुडा की तेलाचा थेंब?

ग्राफाइटच्या तुकड्यावर सेलोटेप चिकटवायची आणि हळूच ओढायची. वरचा पापुद्रा निघतो, खाली कोरा, सपाट पृष्ठभाग. एएफएम (अतिसूक्ष्म टोकानं पृष्ठभाग चाचपून त्याचं चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक) एवढं महागडं यंत्र, आणि कामाची सुरुवात दुकानातल्या टेपनं!

मग त्यावर सिरिंजनं आधी इथेनॉल, नंतर पाणी. इथेनॉलमध्ये हवा जास्त विरघळते, पाण्यात कमी. उरलेली हवा ग्राफाइटवर नॅनोबुडबुडे, म्हणजे अतिसूक्ष्म बुडबुडे होऊन बसते. एएफएमचं टोक टॅपिंग मोडमध्ये, म्हणजे हलकेच टकटक करत, अलगद फिरवलं की ते दिसतात. त्या रात्री (पीएचडीवाल्यांना दिवसाचा स्लॉट कोण देतो?) मला पहिल्याच स्कॅनमध्ये दिसले. उंची ४० नॅनोमीटर, रुंदी ४००. पोळीला पहिले फोड येतात ना, तसे चपटे.

गाईड मॅडमना लगेच इमेज पाठवली. सकाळी उत्तर आलं, "छान. गॅस काढलेलं पाणी सोडून बघितलंस का?"

हवा असेल तर तसल्या पाण्यात विरघळायला हवी. सोडलं. दोन तास झाले, फोड जागच्या जागी.

ते सिलिकॉन तेल होतं. डिस्पोजेबल सिरिंजचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून आतून लावतात ते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या गटानं डिस्पोजेबल सुयांमुळे होणारा असाच घोटाळा २०१४ मध्ये छापलाय. पेपर माझ्या फोल्डरमध्ये होता. उघडलेला नव्हता.

खरं तर शंका आधीच यायला हवी होती. १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात सुमारे १४ वातावरणांइतका जादा दाब असतो. हिशेबानं तो मिलिसेकंदाच्या आत संपायला हवा. तरी खरे बुडबुडे तासन्‌तास टिकतात, कारण त्यांची कड पृष्ठभागाला धरून बसते. हवा गेली की ते आक्रसत नाहीत, चपटे होतात, आणि दाब उतरतो. पाण्यात जादा हवा असेल तर मग निघून जायची घाईच उरत नाही. म्हणजे साध्या पाण्यात 'टिकला' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

आणि माझा विषय काय, तर तेल मुरवलेले पृष्ठभाग! त्यांच्यावरून पाणी अपेक्षेपेक्षा फारच सहज घसरतं, ते नॅनोबुडबुड्यांमुळे, असं सिडनी विद्यापीठातल्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं. तिथे तर तेल मुद्दामच असतं.

काल काचेची सिरिंज वापरली. फोड आले, गॅस काढलेल्या पाण्यात गेलेही. कोपऱ्यातला एक तेवढा हलला नाही. गुरुवारचा स्लॉट त्याच्यासाठी घेतलाय, रात्री अकराचा.