युरिया कितीक टाकला?

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी वावरात जाऊन सोयाबीनचा एक फोटो काढला. धुऱ्यावरची बाभूळ, मागं टेकडी, वर भरून आलेलं आभाळ आणि मधे आमचं चार एकर. घरी येऊन खाटेवर लोळत त्याचे रंग वाढवले आणि स्टेटसला ठेवला. दुपारपर्यंत पुण्यातल्या मित्रांचे बदाम येऊन पडले. संध्याकाळी काकाजींनी मोबाइल मागितला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि फोटो हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला.

"कोनाचं वावर हाय हे?"

"आपलंच, काकाजी."

"युरिया कितीक टाकला बावा याच्यात?"

ज्याला शेतीतलं कळतं त्यालाच यातली खोच कळेल. सोयाबीनला युरिया फारसा लागतच नाही, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र स्वतःच धरून घेतात. म्हणजे माझा हिरवा रंग नुसता भडक नव्हता, तो पिकाच्या जातीलाच शोभत नव्हता. पण काकाजी तिथं थांबले नाहीत. दोन बोटांनी फोटो मोठा केला, बाभळीजवळच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. "अन् इथं पिवळं पडलं व्हतं, ते कोठी गेलं?"

ते कुठं गेलं हे मला पक्कं ठाऊक होतं. फोटोचे रंग वाढवायला सॅच्युरेशन नावाची पट्टी असते, ती सगळ्यांना एकाच काठीनं हाकते. तिच्या शेजारची व्हायब्रन्स जरा समजूतदार: जे रंग मुळात फिके आहेत त्यांना जास्त देते, जे आधीच गडद आहेत त्यांना कमी. पण मी या दोघींच्या पुढं गेलो होतो. एकेका रंगाला वेगळं पकडून हलवता येतं, तिथं मी पिवळ्याला पकडून हिरव्याकडं सरकवलं होतं. आपल्याला जे हिरवंगार दिसतं ना, गवत, पानं, पीक, ते या पट्ट्यांच्या हिशेबात बरंचसं पिवळ्यातच मोडतं. म्हणून पीक हिरवं करायचं तर पिवळ्यालाच हात घालावा लागतो. तसा मी घातला, आणि पिकाबरोबर कोपऱ्यातला पिवळा मोझॅकही हिरवा होऊन गेला. पांढऱ्या माशीनं आणलेला रोग मी खाटेवर पडल्या पडल्या, एका बोटानं बरा केला.

आता माझ्या बाजूनंही थोडं बोलायला पाहिजे. कॅमेरा काय हरिश्चंद्राचा अवतार नाही. त्याच्या सेन्सरवर रंग गाळणाऱ्या बारीक चौकटी असतात, त्यात निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायरच्या नावावर 1976 साली या मांडणीचं पेटंट झालं. आपला डोळा उजेड-अंधारातला बारीक फरक हिरव्यातच जास्त टिपतो म्हणून ही वाटणी. काहीही असो, हिरव्याला झुकतं माप आधीपासूनच आहे, ते काही मी सुरू केलेलं नाही.

आणि कॅमेऱ्याची खरी फजिती पाहायची तर दिवाळीनंतर पऱ्हाटीत उभं राहावं. त्याचा उजेड मोजणारा मीटर असं धरून चालतो, की समोरचं जग सरासरीनं मध्यम राखाडी आहे. फुटलेल्या बोंडांनी चौकट भरली की तो म्हणतो, अरे बापरे, फार उजेड झाला, आणि सगळं दाबून टाकतो. कापूस असा येतो जणू चुलीजवळ ठेवलेला. त्याच वावरात नांगरट झालेल्या काळ्या मातीवर रोखला, की त्याला वाटतं अंधार पडला, मग तो माती उजळून तिची राख करतो. पांढरं सोनं राखाडी, काळी माती राखाडी. अशा वेळी घरी येऊन कापूस पांढरा आणि माती काळी करणं याला मी तरी खोटेपणा म्हणणार नाही. फोटोनं चोरलं ते परत ठेवणं आहे ते.

पळसाचं उलटं. फाल्गुनात तो इतका पेटलेला असतो, की त्यात आणखी रंग घालायचा मोह होणं हाच वेडेपणा. लाल रंगाची मर्यादा आधीच संपलेली असते. त्यावर पट्टी ओढली की पाकळ्यांवरची मखमल, शिरा, सावल्या सगळं जातं आणि झाडावर नारिंगी ऑइलपेंट सांडल्यासारखं दिसतं. मी हे केलेलं आहे. दोनदा.

संशयाची सवय मात्र वाईट. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं गुलाबी सरोवर मोबाइलवर पाहिलं तेव्हा मी ताबडतोब म्हणालो, कोणीतरी पट्टी ओढली. निघालं ते खरंच! पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग होता; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं. एवढ्या मोठ्या विवरानं रंग बदलला आणि मी मात्र कुणा पोराच्या मोबाइलला दोष देत बसलो.

एक राग मात्र मनात आहेच. कोकणाचा फोटो हिरवा करून छापतात, आणि विदर्भाचा? भेगाळलेली जमीन, आभाळाकडं पाहणारा म्हातारा, आणि त्यातला उरलासुरला रंगही काढून घेतलेला. तीही एडिटिंगच आहे की. दुष्काळ खोटा नाही, पण त्याच गावात सप्टेंबरात तुरीच्या ओळींवर उतरणारं ऊन आणि मार्चमधला पळसही खोटा नाही. मी हिरव्याची पट्टी जरा जास्त ओढतो त्यात या रागाचाही हात असावा. काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते नुसतं "हाव" म्हणाले.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी समजला. काकाजींच्या मोबाइलवर मी पाठवलेला तोच फोटो होता, आणि संध्याकाळी मला हटकण्याआधीच, आदल्या दिवशी सकाळी, त्यांनी तो तालुक्याच्या कृषी केंद्रवाल्याला पाठवून विचारलं होतं, काय फवारू? त्याचं उत्तर आलं होतं: पीक एक नंबर, काही मारू नका.

मग आम्ही दोघं पुन्हा वावरात गेलो. मी वहीचं कोरं पान फाडून आणलं होतं. पांढरं नेमकं किती पांढरं हे फोटोला कळलं, की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. काकाजींनी ते पान रोगट पानामागं धरलं. पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचं ते पान कागदावर इतकं स्वच्छ उमटलं, की शिरासुद्धा मोजता येत होत्या. कागदाच्या एका कडेला काकाजींचा मातीचा अंगठा. पट्टीला हात न लावता फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत औषधाचं नाव आलं, आणि सोबत, रोगट झाडं उपटून टाका.

झाडं उपटून काकाजी धुऱ्यावर टेकले, तंबाखू काढली.

"कालचा फोटो काढून टाकू का?" मी विचारलं.

"नोको," ते म्हणाले. "तो राहू दे. पोराच्या सोयरिकीले पाव्हणे येनार हायेत, त्याइले दाखवाले होते."