तुम्ही विचारलंत म्हणून: ठोकळ्यांत माणूस दिसतो कसा?

‘नाक नाही, डोळे नाहीत, नुसत्या लोखंडी पेट्या एकावर एक. यात माणूस कुठाय?’ अमूर्त धातुशिल्पापुढे हा प्रश्न हमखास येतो. माणूस चेहऱ्यात नसतो, भारात असतो. इमारतीचं वजन खांबांतून पायात उतरतं, तसंच अंगाचंही. ते नीट उतरलं की डोक्याच्या जागी कोरी पेटी चालते.

इंग्लंडमध्ये गेट्सहेडला शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हा पोलादी देवदूत उभा आहे, १९९८चा. उंची २० मीटर, पंख ५४ मीटर, वजन २०० टनांच्या आसपास. देह गॉर्मलींच्याच अंगाच्या साच्यावरून घेतलेला, पण बरगड्या कातडीच्या बाहेर: जाड उभ्या पट्ट्या, बांधकाम चालू असलेल्या जहाजासारख्या. शोभेच्या नाहीत त्या. पंखांवर आदळणारा वारा त्यांच्यातूनच पायांत आणि पुढे खडकापर्यंत गेलेल्या काँक्रीटमध्ये उतरतो. पंख साडेतीन अंश पुढे कललेले आहेत. एवढ्याशा कलाने विमान वाटायचं ते कवेत घेणारं कुणीतरी वाटतं.

६० सेंटिमीटरची आकृती करायची तर डोकं उंचीच्या आठव्या हिश्श्याचं, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. डोकं, छाती आणि कटी (कमरेखालचा नितंबांचा भाग) अशा तीन पेट्या, २ मिमी पत्र्याच्या. भरीव लोखंडाचा मोह टाळा: १० सेंटिमीटरचा भरीव ठोकळा जवळपास ८ किलो भरतो, तोच पत्र्याचा किलोच्या आत.

खरी गंमत कलात आहे. वजन ज्या पायावर, त्या बाजूची कटी वर आणि खांदा खाली. ८-१० अंश पुरे. मग गळ्याच्या खळगीपासून ओळंबा सोडा. तो त्याच पायाच्या घोट्याशी यायला हवा. बाजूला गेला तर बेसप्लेटला कितीही पक्कं वेल्ड करा, बघणाऱ्याला आकृती पडतेय असंच वाटत राहणार.

नवखे लोक पेट्या एकमेकींना चिकटवतात आणि हाती कपाट येतं. छाती आणि कटी यांच्यात दीड सेंटिमीटर मोकळं सोडा, आत १२ मिमीचा स्क्वेअर बार (चौकोनी सळई) द्या. कंबर त्या फटीतच दिसते.

वेल्डिंग करताना एका कडेने सलग शिवण मारत सुटू नका. गार होताना ती आकसते, पत्रा ओढते आणि पेटी पिळवटते. आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांना वेल्डचे छोटे टाके, मग गुण्या लावून बघा, मग इंच-दोन इंचाचे तुकडे आलटून पालटून. प्रत्येक बंद पेटीच्या तळाला ४ मिमीचं भोक ठेवाच, नाहीतर आत साचलेला ओलावा पेटी आतून खातो. गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवायला, देणार असाल तर भोकं मोठी हवीत, वर एक आणि खाली एक. वितळलेलं जस्त ४५० अंशांचं असतं, बंद पेटी त्यात फुटू शकते.

एंजलसारखा तपकिरी गंज हवा म्हणून पुष्कळजण कॉर्टेन, म्हणजे स्वतःच्याच गंजाने झाकलं जाणारं पोलाद, मागतात. त्यातल्या तांबे-क्रोमियममुळे गंजाचा थर घट्ट बसतो आणि पुढची झीज मंदावते; पण त्यासाठी पृष्ठभाग ओला होऊन पुन्हा सुकावा लागतो. रत्नागिरी-पणजीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात थर बसतच नाही, पापुद्रे सुटत राहतात. तिथे साधं एमएस (माइल्ड स्टील) घ्या, जस्त चढवा, वर रंग द्या. देशावर कॉर्टेन चालेल, फक्त वेल्डिंगचे रॉड आणि बोल्ट त्याच जातीचे घ्या आणि खाली फरशी असेल तर आधी गटार काढा. पहिल्या पावसाळ्यात गंजाचे ओघळ येतात, आणि पांढऱ्या फरशीवरून ते निघता निघत नाहीत.