प्रोटीन पावडरने किडनी जाते का हो?

मी किडनीच्या ओपीडीत डाएटिशियन आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी विचारतंच, आमचा मुलगा जिमला जातो, पावडर घेतो, किडनी जाईल का हो? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, किडनी धडधाकट असेल तर एका स्कूपने ती जात नाही. स्कूपमध्ये साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे चार अंडी. निरोगी माणसाला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम लागतं, 60 किलोला झाले 50 ग्रॅम, आणि आपलं वाटीभर पातळ वरण देतं जेमतेम चार-पाच.

पण धडधाकट आहे हे ठरवलं कोणी? निम्मी कामातून गेली तरी किडनी हूं की चूं करत नाही. नुसतं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा, बघूनही फसायला होतं, पिळदार पोराचं उगाच वर दिसतं आणि वाळलेल्या आजीचं नॉर्मल येतं, म्हणून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळून येणारं प्रोटीन) दोन्ही बघायचं. गंमत म्हणजे विचारणाऱ्या बाबांनाच शुगर, बीपी आणि गुडघ्यांसाठी रोजची पेनकिलर, आणि काळजी कोणाची तर पोराची! आधी तुमची टेस्ट करा ना.

आजार निघाला आणि डायलिसिस नसेल तर किलोमागे 0.8 च्या आसपास, पावडर वगैरे विसरा. डायलिसिस सुरू झालं की मात्र गणित उलटं, 1 ते 1.2 लागतं कारण डायलिसिसमध्येच थोडं वाहून जातं, आणि हे घरच्यांच्या गळी उतरवताना माझा घसा बसतो. एका काकूंच्या सुनेने डायलिसिस लागल्यावरही डाळ, दूध, अंडं सगळं बंदच ठेवलेलं, ताटात भात नाहीतर साबुदाणा, आणि तोंडाला चव म्हणून दोन्ही वेळा उडदाचा पापड. काकूंचे हात काटकुळे, पाय सुजलेले. मी म्हटलं अगं अंड्याचा पांढरा भाग रोज दे, डाळ किती ते मी मोजून सांगते, बंद करायचा तो पापड, त्यात मीठ आहेच, वर पापडखार म्हणजे परत सोडियमच. तर म्हणते, मॅडम मग ते लो सोडियम मीठ आणू का? अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीवाल्यांचं ते वाढलं तर थेट हृदयावर येतं.