पावणेअठ्ठावीस फेऱ्यांचं टर्नटेबल

जुनं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, विकणारा एकच सांगतो, "चालू कंडिशन." थाळी फिरली की झालं चालू!

रत्नागिरीत मला सापडलं ते बोटीवर नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी अमेरिकेहून आणलेलं. बेल्टवर चालणारं, जपानी, ११० व्होल्टचं. किंमत आवाक्यातली. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजले. एलपी रेकॉर्डला मिनिटाला ३३⅓, म्हणजे तीन मिनिटांत १०० हवेत, भरले ८३. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारला उतरली होती.

गृहस्थ म्हणाले, "बेल्ट सैल झालाय." सैल बेल्ट कधी धरतो, कधी घसरतो, बरोब्बर सहावा हिस्सा खात नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०, आणि यात असते तसल्या सिंक्रोनस मोटारीचा वेग हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. हे पटवता पटवता दुपार सरली, पण भाव उतरवून घेतलाच.

मग पुली, बेल्ट फिरवणारी चकती. मोटारीवरची पुली १.२ पट व्यासाची करायची, बास. एमआयडीसीतला लेथवाला म्हणाला, "गणपतीआधी देतो." गणपती येऊन गेले, तरी "उद्या या." आधी बोटींचे शाफ्ट, मग पंपाचे बुश, माझं पितळ कोपऱ्यात पडून. एकदाची मिळाली, तर भोक मधोमध नाही! हार्मोनियमचा लांब सूर होडीत बसल्यासारखा हेलकावे खायला लागला. परत नेली. "एवढ्याशा फरकाने काय होतं हो?" डोक्यात तिडीक गेली. तुम्ही करून घेणार असाल तर भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत, जॉब न सोडता कातायला सांगा. तसं केल्यावर कुठे १०० भरले.

क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे बेल्टशिवाय मोटार थेट थाळी फिरवते आणि क्वार्ट्झ स्फटिक वेग सांभाळतो त्या टर्नटेबलला, ही हर्ट्झची भानगड नाही, फक्त व्होल्ट बघायचे. त्यांचे भाव मात्र चढलेले असतात.

हो, आणि फेरे मोजण्याआधी टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, दोन बोटांत धरून हलकेच हलवा. बेअरिंग खुळखुळलं तर निघा तिथून. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हेडशेलच्या (दांड्याच्या टोकाच्या, कार्ट्रिज बसवायच्या तुकड्याच्या) पिनांवर हिरवट थर चढतो. तो पुसता येतो, तेवढ्यावरून मशीन नाकारू नका. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, मॅग्नेटिक असेल तर त्याचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या फोनो प्रीअँपचा खर्च धरा, नाहीतर आवाज बारीक आणि किरटा येईल. आणि त्या कार्ट्रिजची सुई अजून मिळते का, केवढ्याला, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. विकणाऱ्याला नव्हे, सुया विकणाऱ्याला.