अठ्ठावन्नच्या आधीचा हिशेब

खासगी नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांना निवृत्तिवेतन मिळते खरे, पण कर्मचारी पेन्शन योजनेचे गणित एकदा कागदावर मांडले, की फारसा भ्रम उरत नाही. पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. वेतनमर्यादा १५,००० रुपये धरली, तर ३५ वर्षांच्या सेवेनंतरही महिन्याला ७,५०० रुपयेच हाती येतात आणि महागाईबरोबर ते वाढत नाहीत. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली, तर घरखर्च सुमारे बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मुलाच्या फ्लॅटमध्ये घालण्याआधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे (मुलगा हे वाचतो, याची मला कल्पना आहे).

खरा अवघड विषय राहत्या घराचा. अट घालणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटून अनेक आईवडील हयातीतच घर मुलांच्या नावे करतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळवता येते. मात्र अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. आम्ही उभयतांनी त्याऐवजी मृत्युपत्र केले. मुलांशी ते बोलताना थोडा अबोला झाला, तो पुढे निवळलाही.

हुद्दा सुटण्याची तयारी मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. रविवारी मी वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायला जाऊ लागलो आहे. तिथे मला कोणी साहेब म्हणत नाही, आणि सुरुवातीला ते खटकले.